बाप्पाचे डोळे शार्प, काकांचा ब्रश धूसर

पहिल्या दिवशी गणपतीच्या कारखान्यातून २१४ फोटो काढून आणले. रात्री जेवणं आटोपल्यावर लॅपटॉपवर उघडले, तर बहुतेक फोटोंत मागच्या फळीवर बसलेल्या गणपतीचे डोळे असे लखलखीत की पापणीची रेघ मोजून घ्यावी. आणि त्याच्या दोन हात पुढे बसून जे काका दुसऱ्या मूर्तीचे डोळे आखत होते, त्यांची बोटं, ब्रशचं टोक, चष्म्याच्या काडीवर बसलेली पांढरी धूळ, म्हणजे ज्यासाठी मी अर्धी रजा टाकून गेले होते ते सगळं, दुधात बुडवून काढल्यासारखं. मुलगा मागून बघत होता. म्हणाला, "आई, तुझ्या कॅमेऱ्यानं बाप्पालाच माणूस समजलंय."

तसंच झालं होतं. हल्लीच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांना डोळे ओळखायला शिकवलेलं असतं. चौकटीत कुठेही चेहरा दिसला की त्याच्या डोळ्यावर फोकस नेऊन ठेवायचा, ही त्यांची शिकवण. काका मान खाली घालून बसलेले, डोळ्यांवर जाड चष्मा, त्यांचा चेहरा त्याला सापडेना. मग सापडला तो मागचा, कालच डोळे आखून झालेला बाप्पा. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नीट पाहिलं. काकांपुढच्या मूर्तीच्या डोळ्यांत नुसतं पांढरं भरलेलं होतं तोवर कॅमेरा तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. काकांनी बुबुळ भरलं आणि त्याच क्षणी पिवळी चौकट टुणकन येऊन त्या डोळ्यावर बसली. प्राणप्रतिष्ठा भटजींच्या आधी कॅमेराच करून मोकळा.

माझा कॅमेरा जुना घेतलेला, एपीएस-सी (म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरचा, ऑफिसच्या पर्समध्ये डब्याशेजारी मावेल एवढा. त्यावर ३५ मिलिमीटरची एफ २ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आणि शार्प दिसणारी पट्टी बारीक). कारखाना परळला आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. पावसाळा लागला की रस्त्याकडेला बांबू उभे राहतात, निळी ताडपत्री चढते आणि आतून घासकामाचा खरखर आवाज यायला लागतो. काका सासऱ्यांच्या ओळखीचे, म्हणून आत बसू दिलं. अट एकच: मूर्तीला धक्का नको आणि "मधेच हाक मारायची नाही. रेघ ओढताना मी श्वास धरतो."

आता कुणी म्हणेल, डोळे ओळखणं बंद करायचं, एकच छोटा फोकस पॉइंट निवडायचा, झालं. तेही केलं. पण झिरो नंबरच्या ब्रशचं टोक ते केवढं! फोकसची सगळ्यात लहान चौकटसुद्धा त्याच्यापेक्षा मोठी. त्या चौकटीत ब्रश असतो, त्यामागे मूर्तीचा गाल असतो, त्यामागे आणखी कशाची तरी सोंड. मूर्तीच्या अंगाला स्प्रेनं मारलेला रंग इतका सपाट की त्यावर कॅमेऱ्याला पकडायला एक रेघ मिळत नाही. मग लेन्स पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते. तेवढ्यात काकांची रेघ ओढून झालेली असते. एक डोळा, एक रेघ, दोन सेकंद. पुन्हा ओढा असं सांगता येत नाही.

म्हणून मी मॅन्युअल फोकसकडे वळले. छंद म्हणून नाही, जुन्या काळाच्या प्रेमापोटी तर मुळीच नाही. पहिला ऑटोफोकस कॅमेरा बाजारात आला १९७७ मध्ये, कोनिकाचा. त्याआधी फोकस करायचा तर लोक तो हातानंच करत, तेव्हा आपल्याला जमायला काय हरकत आहे, एवढाच विचार. किती हरकत असू शकते ते पुढच्या आठवड्यात कळलं.

पहिली हरकत रिंगेची. आजच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्सच्या रिंगेचा आतल्या काचेशी थेट संबंध नसतो. रिंग फिरवली की कॅमेऱ्याला निरोप जातो, मग मोटर काच हलवते. वर माझ्या लेन्सला लहरी स्वभाव: हळू फिरवली तर काच मुंगीच्या पावलानं सरके, पटकन फिरवली तर उडी मारून खोलीच्या पार जाई. त्यामुळे हाताला अंदाज म्हणून येईना. काल जेवढी मूठ फिरवली होती तेवढीच आज फिरवली तरी फोकस भलतीकडेच. मेनूत तिसऱ्या पानावर एक ओळ सापडली: रिंगेची चाल रेषीय ठेवायची की वेगावर अवलंबून. रेषीय केली. आता पाव फेरा म्हणजे नेहमी पाव फेराच. ही ओळ तुमच्या कॅमेऱ्यात असेल तर पहिल्याच दिवशी शोधा, बाकीचं नंतर.

दुसरी गोष्ट पीकिंग. जिथे फोकस आहे तिथल्या कडा कॅमेरा रंगवून दाखवतो. माझ्याकडे तांबडा लावलेला होता. गणपतीच्या कारखान्यात तांबडा! शेला तांबडा, सोवळं तांबडं, जास्वंद तांबडी. काय रंगलंय आणि काय मुळातच तसं आहे, कळायला मार्ग नाही. पिवळा करून पाहिला तर पितांबर आणि मुकुट आड आले. शेवटी निळ्यावर स्थिरावले. कारखान्यात निळी फक्त ताडपत्री, आणि ती डोक्यावर.

पण पीकिंगवर डोळे मिटून विसंबायचं नाही हेही लवकरच कळलं. त्याला फोकस कळत नाही, त्याला कळते फक्त ठसठशीत कड. मुकुटावरचे खडे, सोनेरी वर्ख, मण्यांची माळ, यांच्यावर जरा प्रकाश पडला की फोकस दोन बोटं चुकलेला असला तरी ते निळ्या दिव्यांसारखे पेटतात. आणि ब्रशचे केस, मऊ, ओले, काळे, ते नेमक्या फोकसमध्ये असूनही गप्प. म्हणजे खोटी साक्ष देणारा साक्षीदार. पत्ता विचारायला ठीक आहे, पण घर आपणच ओळखायचं.

घर ओळखायला आहे भिंग. मागच्या डायलवर अंगठा दाबला की व्ह्यूफाइंडरमधलं, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतलं, चित्र पाचपट होतं, पुन्हा दाबलं की दहापट. दहापटीत ब्रशच्या टोकावरचा रंगाचा थेंब फुगलेला दिसतो. पण दहापटीत आपला हातही दहापट थरथरतो, आणि चौकटीत काका आहेत की नाहीत ते दिसेनासं होतं. मी पाचवर थांबते.

यात हिशेब कळला की बरंच सोपं होतं. माझ्या सेन्सरवर ३५ची लेन्स, ६० सेंटिमीटर अंतर आणि एफ २ असेल तर जे शार्प दिसतं ती पट्टी जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची. एफ २.८ला तीन. एफ ४ला साडेचारच्या आत. काकांचा ब्रश धरलेला अंगठाच दोन सेंटिमीटर. शिवाय मी काही दगड नाही, उकिडवी बसलेली असते, श्वास घेते, पाय बधिर होतो. एफ २ वर नुसत्या श्वासानं फोकस जात होता. मी एफ ४ वर आले आणि मग जी गोष्ट करायला लागले ती कुणी शिकवली नव्हती, पायाला मुंग्या आल्यामुळे सापडली. रिंग एकदा लावायची, ब्रशच्या टोकावर. मग रिंगेला हात लावायचाच नाही. कमरेतून किंचित पुढे, किंचित मागे डोलायचं आणि व्ह्यूफाइंडरमध्ये ब्रशचे केस सुटे सुटे दिसले की बटण दाबायचं. काका बसून डोलत नाहीत, मी डोलते. कारखान्यातली पोरं हसायची: "ताईला झोप लागली बघ."

तिसऱ्या दिवशीपासून फोटो चांगले यायला लागले आणि आठव्या दिवशी पुन्हा बिघडले. सगळेच किंचित मऊ. चुकलेले म्हणावे असे नाहीत, पण हवेत तसेही नाहीत. मला वाटलं लेन्सला काहीतरी झालं. पावसात बुरशी धरते, ते आलं मनात. मग वाटलं, चाळिशी वाढली. माझा नंबर दोन वर्षं झाली तपासलेला नाही, त्यामुळे हे मनाला फार पटलं. चष्मेवाल्याकडे गेले, त्यानं तपासून सांगितलं, नंबर तोच आहे. नंतर एका संध्याकाळी व्ह्यूफाइंडरमधले आकडेच, शटर किती, बॅटरी किती, धूसर दिसतायत हे लक्षात आलं. समोरचं दृश्य धूसर असलं तर फोकस चुकलेला असू शकतो. कॅमेऱ्याचे स्वतःचे आकडे धूसर कसे असतील? व्ह्यूफाइंडरच्या कडेला डोळ्याच्या नंबराची एक इवलीशी चकती असते. पर्समध्ये डब्याला घासून ती फिरली होती. ती लावताना समोर काय आहे ते बघायचंच नाही, फक्त आकडे काळे कुळकुळीत दिसेपर्यंत फिरवायची. आता मी त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. दिसायला वाईट दिसतं. चष्मेवाल्याचे तपासणीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

उजेडाची भानगड वेगळीच. काकांना त्रास नको म्हणून मी आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं होतं, तर फोटोंवर आडवे पट्टे. जणू कुणी इस्त्रीची घडी मोडून मूर्तीवर अंथरली आहे. कारण वर पाहिल्यावर कळलं: एलईडी ट्यूब. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे बरेच दिवे सेकंदात १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र चित्र एकदम उचलत नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचत जातं. काही ओळी दिव्याच्या तेज क्षणाला, काही मंद क्षणाला. शटर १/१०० सेकंदावर ठेवलं की प्रत्येक ओळीच्या वाट्याला दिव्याचा एक पूर्ण हेलकावा येतो आणि पट्टे जातात. १/५० लाही जातात, पण १/५० ला काकांचं मनगट हलतं. तेव्हा १/१००, ठरलं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, जाईल तिथे जाऊ दे, ३२०० पर्यंत मला चालतं.

रंगाचंही तसंच. डोक्यावर निळी ताडपत्री, बाजूला पांढरी ट्यूब, काकांच्या मांडीशी त्यांचा पिवळा टेबल लॅम्प. पांढरं काय ते कॅमेऱ्यानं आपणच ठरवायचं, तो ऑटो व्हाइट बॅलन्स दर फोटोला मत बदलायचा. एका फोटोत बाप्पा गोरा, पुढच्या फोटोत कावीळ झालेला. कस्टम व्हाइट बॅलन्स करायला पांढरा कागद लागतो, तो मी घरी विसरले. पण पांढऱ्या रंगाचा हात मारून वाळत ठेवलेली अख्खी रांग समोर होती. काकांच्या लॅम्पखाली एक वीतभर उंचीची मूर्ती आणून ठेवायला सांगितली, तिच्या पोटावर चौकट धरली, बटण दाबलं. तेव्हापासून आखणीचे सगळे फोटो एका रंगाचे. त्या छोट्या मूर्तीला पोरांनी "ताईचा गणपती" नाव ठेवलं. तो पुढे विकला गेला तेव्हा मला उगाच वाईट वाटलं.

इतकं सगळं जमल्यावर अडचण आली ती आठवणीची. मॅन्युअल फोकस, निळं पीकिंग, १/१००, एफ ४, आयएसओची मर्यादा, काकांच्या लॅम्पचा व्हाइट बॅलन्स. ऑफिसातून सुटून कारखान्यात पोचायचं, तिथे एकेक ओळ मेनूत शोधत बसायचं, तोवर दोन गणपतींचे डोळे होऊन जायचे. तेव्हा कुठे कॅमेऱ्याच्या डायलवरच्या सी-१, सी-२, सी-३ या, आपली सेटिंग्ज साठवून ठेवायच्या, अक्षरांकडे माझं लक्ष गेलं. चार महिने ती तिथेच होती.

सगळीकडे वाचायला मिळतं की सी-१ वर पोर्ट्रेट, सी-२ वर लँडस्केप, सी-३ वर स्पोर्ट्‌स अशी सेटिंग्ज ठेवा. मी तशी ठेवून पाहिली आणि एकदाही वापरली नाहीत. मी कधी ठरवून पोर्ट्रेट काढायला घराबाहेर पडत नाही. मी कारखान्यात जाते, दादरच्या फुलबाजारात जाते, आगमनाच्या गर्दीत जाते. म्हणून माझी सेटिंग्ज जागांची आहेत. सी-१ कारखाना. सी-२ रस्ता. सी-३ मात्र सगळं ऑटो: कुणी अनोळखी माणूस "द्या ताई, तुमचा फोटो काढतो" म्हणाला तर त्याच्या हातात द्यायला. या तिसऱ्याची सोय फार मोठी आहे, हसू नका.

एक बटणही बदलून घेतलं. मॅन्युअलमध्ये असतानाही अंगठ्याखालचं एएफ (ऑटोफोकसचं) बटण दाबलं की कॅमेरा एकदाच ऑटोफोकस करतो आणि मग तिथेच थांबतो. शटर दाबलं तरी पुन्हा शोधायला धावत नाही. ढोबळ अंतर अंगठ्यानं आणायचं, शेवटचा केसभर फरक रिंगेनं किंवा डोलून. हे कळलं त्या दिवशी माझे निम्मे कष्ट गेले. आधी का नाही कळलं? मॅन्युअल फोकस म्हणजे ऑटोफोकसला हातच लावायचा नाही, असं सोवळं मीच पाळत होते.

रस्त्यासाठी, म्हणजे सी-२ साठी, पद्धत उलटी. तिथे माणसाकडे बघून फोकस करायचा नाही, आधीच एक अंतर लावून ठेवायचं आणि त्या अंतरात जे येईल ते टिपायचं. फुलबाजारात पहाटे हे करून पाहिलं. लेन्स अडीच मीटरवर लावली, झेंडूच्या ढिगापाशी उभी राहिले. पहिले दहा फोटो झकास. मग एकानं चहा दिला. चहा संपवून कॅमेरा उचलला, पुढचे चाळीस फोटो काढले. चाळीसच्या चाळीस धूसर. कॅमेरा मधल्या वेळात झोपला होता, आणि झोपताना माझी लेन्स आपली काच घरी नेऊन ठेवते. जागी झाल्यावर अडीच मीटर वगैरे तिला काही आठवत नाही. रिंगेवर अंतराचे आकडे नाहीत, त्यामुळे मलाही बाहेरून कळायला मार्ग नाही. सी-२ मध्ये बाकी सगळं साठवलं जातं, पण माझ्या कॅमेऱ्यात काच कुठे आहे ते साठवलं जात नाही.

मग मी बोराबाजारात गेले. सीएसएमटीहून चालत पाच-सात मिनिटं, फोर्टातली ती गल्ली. एका माळ्यावरच्या दुरुस्तीवाल्या चाचांनी काचेच्या कपाटातून तीन जुन्या २८ मिलिमीटरच्या लेन्स काढून समोर ठेवल्या. पहिल्या लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. "ये बारिश की मेहरबानी," चाचा म्हणाले. दुसरीची रिंग वाळूत फिरवल्यासारखी करकरत होती. तिसरी एफ २.८ची, काच स्वच्छ, रिंग अशी फिरे की लोण्यातून सुरी. अडॅप्टरसकट २,८०० रुपये. घासाघीस मला जमत नाही, मी केली नाही.

ही लेन्स एम-४२ची, म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची, बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. तिला फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर लांब बसायची सवय. आरसा नसल्यामुळे माझ्या कॅमेऱ्याचं हेच अंतर अठराच्या आसपास. मधली जागा भरून काढायला अडॅप्टर. म्हणजे आत काचबिच काही नाही, पोकळ नळकांडं. घरी येऊन लावली तर शटरच दाबलं जाईना. घामच फुटला. कॅमेऱ्याला जुनी लेन्स दिसतच नाही, त्याच्या लेखी तोंड उघडंच आहे. "लेन्स नसताना शटर चालू ठेवा" ही ओळ मेनूत चालू करावी लागते.

शिवाय स्वस्त अडॅप्टर केसभर आखूड असतात, त्यामुळे रिंगेवरच्या अनंताच्या खुणेवर अनंत नसतं. दादर चौपाटीवर रात्री उभी राहून सी लिंकच्या दिव्यांवर भिंग लावून पाहिलं. दिव्यांचे ठिपके सगळ्यात लहान झाले तेव्हा रिंग खुणेच्या जरा अलीकडे होती. तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला. नंतर टेप धरून दीड, अडीच आणि चार मीटरवरही ठिपके दिले, प्रत्येक वेगळ्या रंगाचा. बायकांच्या कपाटात फोटोग्राफीचं सामान भरपूर असतं.

लेन्सवर खोलीची पट्टी कोरलेली असते, कोणत्या एफला कुठून कुठवर शार्प येईल ती. ती पूर्ण फिल्मच्या आकाराची आहे. माझा सेन्सर लहान, म्हणून मी एक पायरी कडक वाचते: एफ ५.६ ला ४ च्या खुणा बघायच्या. चार मीटरच्या ठिपक्यावर, एफ ५.६ ला, साधारण अडीच मीटरपासून नऊ मीटरपर्यंत काम होतं.

हे आकडे आगमनात कामाला आले. परळच्या कारखान्यांतून मोठे गणपती ट्रॉलीवर बाहेर पडतात त्या शनिवार-रविवारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि हवेत हजार मोबाइल. ऑटोफोकसला सगळ्यात जवळची, उजळ, चौकोनी वस्तू फार आवडते. मागच्या वर्षीचे माझे आगमनाचे फोटो म्हणजे लोकांच्या मोबाइलच्या पाठींचे फोटो आहेत, कव्हरवरचं देवाचं स्टिकरसुद्धा वाचता येतं. यंदा चार मीटर लावलं, स्क्रीन खाली वळवली, हात वर केले. मोबाइल मीटर-दीड मीटरवर, म्हणजे पट्टीच्या बाहेर. ते आपोआप विरघळले आणि त्यांच्या पलीकडे ताशेवाल्या मुलीच्या कपाळावरचा घाम दिसला.

पण त्याच रविवारी एक घोळ करून ठेवला. ढोलाच्या टिपरूची हालचाल धूसर उमटावी म्हणून शटर १/१५ वर आणलं, पाच-सहा फोटो काढले, झालं. माझ्या कॅमेऱ्यात कस्टम सेटिंग आपोआप अद्ययावत होण्याची सोय चालू होती, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे सी-२ मध्ये असताना जे काही बदललं ते न विचारता साठवलं जात होतं. पुढच्या शनिवारी डायल सी-२ वर, लेन्स चार मीटरवर, अगदी तयारीनिशी गेले आणि सगळं आगमन १/१५ नं काढलं. हात वर करून. १४० फोटो. एकाही माणसाला चेहरा नाही. घरी आल्यावर मुलानं बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. ती सोय तेव्हाच बंद केली. आता डायल सी-२ वरून काढून पुन्हा आणली की माझं मूळ सेटिंग हजर.

गणपती २७ ऑगस्टला होते. २५ला संध्याकाळी शेवटची गेले. कारखाना अर्धा रिकामा, रिकाम्या फळ्यांवर पांढऱ्या चकत्या उरलेल्या. काकांपुढे एका घरगुती गणपतीची आखणी चालली होती, दीड फुटाची मूर्ती, घ्यायला येणारी माणसं दारात उभी. मी डायल सी-१ वर केली, अंगठ्यानं ढोबळ फोकस आणला, भिंग पाचवर. काकांनी डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली, श्वास सोडला आणि पाणी मागितलं.

मी फोटो तपासत होते. "दाखव तरी काय दिसतं तुला त्यात," काका म्हणाले. पाण्याचा ग्लास खाली ठेवून त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. त्यांना फोटो नको होता, त्यांना समोरची मूर्ती बघायची होती. मी भिंग दहावर नेलं, त्यांचा हात धरून रिंग फिरवायला दिली. त्यांनी हळूहळू फिरवली, पुढे, मग जरा मागे. थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"रेघ तुटलीय," ते म्हणाले. "कोपऱ्यात. केसाएवढी."

मला दिसली नव्हती. दारातल्या माणसांना तर शक्यच नव्हतं. काकांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, चष्मा खाली ओढला, ब्रश पाण्यात बुडवून ओठांवर त्याचं टोक जुळवलं.

"सरक जरा," म्हणाले, "उजेड अडवू नकोस. आणि उजव्या डोळ्याला पण ते भिंग लावून ठेव, मी आलोच."